लामिन यामालबद्दल आमच्या ग्राउंडवर रोज विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात टिळकवाडीच्या लेले ग्राउंडवर सकाळी पोरांची फुटबॉल प्रॅक्टिस घेतो मी. पगारी कोच वगैरे नव्हे ओ, नोकरी वेगळी आहे, हे आपलं आवडीचं. चोवीस पोरं येतात, त्यातल्या अकरा जणांच्या पाठीवर यामाल लिहिलेलं, सगळी खडेबाजारातली फर्स्ट कॉपी, एकावर तर स्पेलिंग पण चुकलंय. आणि मग पोरं, पोरांचे बाबा आणि सगळ्यात जास्त पोरांच्या आया मला गेटवर गाठून तेच तेच विचारतात. मेसेज टाइप करून करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

हा पोरगा नेमका कोण, आणि यामाल हे आडनाव काय?

स्पेन आणि बार्सिलोना क्लबकडून खेळणारा फुटबॉलपटू. आणि यामाल आडनाव नव्हे, इथेच सगळे फसतात. पूर्ण नाव लामिन यामाल नासरावी एबाना. लामिन यामाल हे दोन शब्दांचं एकच नाव, नासरावी बापाचं आडनाव आणि एबाना आईचं. स्पेनमध्ये दोन्ही आडनावं लावतात, बहुतेक करून आधी बापाचं मग आईचं. म्हणजे आपल्यात मधे बापाचं नाव घालतात आणि आईचं कुठेच नसतं, त्यांच्यात आई शेवटी उभी असते. यामाल म्हणजे आपल्या गल्लीतला जमालच, फक्त स्पॅनिश लिहिण्यात ज चा य झाला. घर अडचणीत असताना दोन जणांनी मदत केली, त्या दोघांची नावं पोराला ठेवली असं तिकडं बऱ्याच ठिकाणी छापून आलंय.

जन्म १३ जुलै २००७, बार्सिलोना शहराला चिकटून असलेल्या एस्प्लुगेस दे योब्रेगात या गावात. डावा पाय, पण खेळतो उजव्या बाजूला.

आई-बाप कुठले? तो स्पेनचा की मोरोक्कोचा?

बाप मोरोक्कोचा, आई इक्वेटोरियल गिनीची. हा दुसरा देश बऱ्याच जणांना माहीत नसतो, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा छोटा देश, १९६८ पर्यंत स्पेनच्याच ताब्यात होता आणि आजही तिथं सरकारी भाषा स्पॅनिश आहे. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते ना, तसंच समजा. मोरोक्को आणि स्पेनच्या मधे तर जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद जागी साधारण १४ किलोमीटर. म्हणजे इथून काकतीपेक्षा थोडं लांब, पण मधे पाणी आणि पासपोर्ट.

आई-बाप दोघंही लहान वयाचे होते आणि लामिन तीन-एक वर्षाचा असताना वेगळे झाले. बाप आणि बापाची आई, म्हणजे लामिनची आजी, मातारो गावातल्या रोकाफोंडा वस्तीत. आई ग्रानोयेर्स या दुसऱ्या गावाकडे राहायला गेली. पोरगा कधी इकडे कधी तिकडे. एक धाकटा भाऊ आहे, त्याला तर टीव्हीवर तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, युरो कपच्या (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलनंतर ग्राउंडवर धावत होता तो.

हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतोय कारण मागच्या महिन्यात एका वैनींनी मला विचारलं, "सर, घरात सगळं चांगलं असेल तरच पोरं अशी वर येतात ना ओ?" त्यांच्या घरात काय चाललंय मला माहीत होतं, म्हणून मी त्यांना हीच स्टोरी सांगितली. घर दोन ठिकाणी होतं, पैसा नव्हता, पण पोराला ग्राउंडवर कोणीतरी नेऊन सोडत होतं आणि परत आणत होतं. मला विचाराल तर यामालची अख्खी स्टोरी हीच आहे, कोण नेऊन सोडतंय आणि कोण आणायला येतंय. बाकी गोल-बिल नंतरचं.

ते गोल मारल्यावर बोटांनी काय करतो? आमचा पोरगा घरभर तेच करत फिरतो.

३०४. ह्यावर थोडं सविस्तर बोलू द्या, माझा आवडता विषय आहे.

रोकाफोंडाचा पिनकोड ०८३०४. स्पेनचे पिनकोड पाच आकडी, पहिले दोन प्रांताचे, ०८ म्हणजे बार्सिलोना प्रांत. शेवटचे तीन त्याच्या वस्तीचे, तेच तो दाखवतो. एका हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की शून्य, आणि त्याच हाताची उरलेली तीन बोटं वर म्हणजे तीन, दुसऱ्या हाताची चार बोटं. आमची पोरं काय करतात, शून्य एका हातावर आणि तीन दुसऱ्या हातावर करायला जातात आणि मग चारला हातच उरत नाही. शाहूनगरचा एक बारका आहे, तो चार दाखवायला बाजूच्याचा हात धरतो.

मातारो हे बार्सिलोनापासून ३० किलोमीटरच्या आसपास, समुद्राच्या कडेला. आपल्याकडून खानापूर जेवढं, साधारण तेवढंच. स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली रेल्वे १८४८ साली बार्सिलोना ते मातारोच धावली. म्हणजे गाव जुनं, पण रोकाफोंडा ही कष्टकऱ्यांची वस्ती, आधी स्पेनच्याच दक्षिणेकडून कामाला आलेले लोक, नंतर मोरोक्को आणि आफ्रिकेतून आलेले. छोट्या छोट्या खोल्यांच्या बिल्डिंगी, खाली बेकरी, सिमेंटचं ग्राउंड. काही राजकारणी लोकांनी ह्या वस्तीला जाहीर नावं ठेवलीयत. आणि हा पोरगा करोडो लोकांसमोर, कॅमेऱ्यात, त्याच वस्तीचा पिनकोड दाखवतो. देशाचं नाव नाही, धर्माचं नाही, पिनकोड!

आता आपल्याकडचं बघा. आपल्या देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्र-गोव्याला ४ आणि कर्नाटकला ५. निपाणीचा ५९१ ने सुरू होतो, पलीकडे कागलचा ४१६ ने, मधे वीसेक किलोमीटर आणि दोन्हीकडे एकच भाषा, एकच पाव्हणे, एकाच मांडवातली लग्नं. आमच्या पोरांनी ३०४ बघून स्वतःचं काढलंय, टिळकवाडीचे ५९०००६ म्हणून शेवटचे ००६ दाखवतात, शहापूरवाले ००३. दोन शून्य करायची म्हणजे दोन्ही हात गुंतले, मग सहा कुठं दाखवणार? एकाने पायाची बोटं वापरू का विचारलं, बूट काढून.

मेस्सीने त्याला बाळ असताना अंघोळ घातली, तो फोटो एआयचा ना?

नाही, खरा आहे. मला पण आधी वाटलेलं कोणीतरी कॉम्प्युटरवर बनवलाय. २००७ ची गोष्ट. युनिसेफ आणि बार्सिलोनातल्या एका खेळाच्या पेपरने चॅरिटीसाठी कॅलेंडर काढलं होतं, त्यात क्लबचे खेळाडू आणि साधी कुटुंबं एकत्र. रोकाफोंडात सोडत काढली, त्यात ह्यांचं नाव निघालं. काम्प नोउ स्टेडियमच्या पाहुण्या टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये प्लास्टिकचा टब, पाणी, काही महिन्यांचं बाळ, त्याची आई आणि वीस वर्षांचा मेस्सी. फोटोग्राफर जोआन मोनफोर्ट. मेस्सी लाजाळू, त्याला बाळ कसं धरायचं तेच कळेना असं मोनफोर्टने नंतर सांगितलंय. फोटो बघितलात तर दिसतंच, केस लांब आणि हात अवघडलेले.

पुढे सतराएक वर्षं ह्या फोटोचं कोणाला काही नव्हतं. जुलै २०२४ मध्ये युरो कप चालू असताना बापाने इन्स्टावर टाकला आणि मग जगभर झाला.

एका आज्जीने हा फोटो बघून म्हटलं, "हात लागला की त्याचा, म्हणून झालं." आता ह्याला काय उत्तर देणार. मेस्सीचा हात लागलेली बाळं त्या कॅलेंडरमध्ये अजूनही असतील की.

खेळायला कितव्या वर्षी लागला? आमचा नऊ वर्षांचा आहे, उशीर झाला काय?

चार-पाच वर्षांचा असल्यापासून. पहिला क्लब सीएफ ला तोर्रेता, आईच्या गावाजवळचा साधा वस्तीतला क्लब. २०१४ मध्ये, सात वर्षांचा असताना बार्सिलोनाने घेतला.

उशीर बिशीर काही नाही, पण एक सांगतो. स्पेनमध्ये बारा वर्षांपर्यंतची पोरं सात-सात जणांचं खेळतात, छोट्या ग्राउंडवर, त्यामुळे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो. आपल्याकडं काय, अंडर-१० ची पोरं पूर्ण ग्राउंडवर अकरा-अकरा, एक गोलकीपर तर एका मॅचमध्ये बसून गवत उपटत होता, मीच बघितलंय. नऊ वर्षांचा असेल तर उशीर झालेला नाही, त्याला बॉल मिळतोय काय ते बघा. आणि एका स्पर्धेत, नाव घेत नाही, आमच्या अंडर-१४ समोर मिशीवाला सेंटर फॉरवर्ड उभा केलेला, मॅच संपल्यावर स्वतःच्या बाईकवरनं घरी गेला. असल्या स्पर्धा जिंकल्या काय आणि हरल्या काय.

ला मासिया म्हणजे काय? फी किती?

मासिया म्हणजे कातालान भाषेत शेतातलं जुनं दगडी घर. बार्सिलोना क्लबने १९७९ मध्ये स्टेडियमशेजारच्या अशा एका घरात बाहेरगावच्या पोरांची राहायची सोय केली, तिथून नाव पडलं. २०११ पासून नवीन बिल्डिंग आहे, सांत जोआन देस्पी इथल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये. राहणं, जेवण, अभ्यास, सगळं तिथंच. फी भरून ॲडमिशन घ्यायची जागा नव्हे ती, क्लब निवडतो. "बार्सिलोना अकॅडमी" नावाने ठिकठिकाणी फीवाले वर्ग चालतात ते वेगळं, त्यात नाव घातलं म्हणजे ला मासियात गेला असं नाही. हे मी तीन बाबांना वेगवेगळं समजावलंय, तिघंही नाराज झाले.

मातारो बार्सिलोनाच्या एका बाजूला आणि ट्रेनिंग सेंटर दुसऱ्या बाजूला. लहान पोराला रोज जाणं-येणं सोपं नव्हे. पुढे तो तिथंच राहायला गेला.

पंधराव्या वर्षी मोठ्या टीममध्ये? खरंच काय ओ?

खरंच. २९ एप्रिल २०२३, बेटिस क्लबविरुद्ध, कोच शावी, ८३ व्या मिनिटाला गावी नावाच्या खेळाडूच्या जागी आला, पाठीवर ४१ नंबर. वय १५ वर्षं २९० दिवस. ला लीगात, म्हणजे स्पेनच्या मुख्य लीगमध्ये, बार्सिलोनाकडून इतक्या कमी वयाचा कोणी खेळला नव्हता. त्याच्याही आधी एकजण होता, पावलिनो अल्कांतारा, १९१२ चा, तोही पंधरा वर्षांचाच आणि त्याची आई फिलिपिन्सची. पण तेव्हा ला लीगाच नव्हती, ती १९२९ मध्ये सुरू झाली.

त्यानंतरचं सगळं धडाधड झालं. ८ सप्टेंबर २०२३ ला स्पेनकडून जॉर्जियाविरुद्ध पहिली मॅच, बदली म्हणून आला आणि गोलही मारला, वय १६ वर्षं ५७ दिवस. ८ ऑक्टोबरला ग्रानादाविरुद्ध ला लीगातला पहिला गोल, १६ वर्षं ८७ दिवस, लीगच्या इतिहासात सगळ्यात लहान. १५ जून २०२४ ला क्रोएशियाविरुद्ध युरो कपमध्ये उतरला, तिथं पण सगळ्यात लहान. आमच्या पोरांना हे आकडे पाठ आहेत, पाढे नाहीत.

शाळा सोडली काय त्याने? (हा प्रश्न फक्त आयांचा. दर आठवड्याला.)

नाही सोडली. स्पेनमध्ये सोळा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे, बारा ते सोळा ह्या चार वर्षांना ते ईएसओ म्हणतात, शेवटचं वर्ष म्हणजे आपल्या एसएसएलसीसारखंच (दहावी) समजा. युरो कप खेळायला जर्मनीत गेला तेव्हा हे शेवटचं वर्ष पूर्ण व्हायचं होतं, पुस्तकं बरोबर घेऊन गेला, हॉटेलात ऑनलाइन अभ्यास करायचा. पास झाल्याचं पण स्पर्धा चालू असतानाच कळलं.

म्हणजे सकाळी गृहपाठ आणि रात्री फ्रान्स. काकू, हे तुम्ही घरी सांगायला हरकत नाही, पण "यामाल पण अभ्यास करतो" म्हणून पोराची प्रॅक्टिस बंद करू नका, दोन्ही करत होता तो. आणखी एक, जर्मनीत अठराच्या आतल्या खेळाडूला रात्री ११ नंतर कामावर ठेवता येत नाही असा कायदा आहे, मॅचा तर ९ ला सुरू व्हायच्या. त्यामुळे एक्स्ट्रा टाइममध्ये खेळवला तर दंड भरावा लागेल काय ह्यावर तिकडच्या पेपरात चर्चा चालू होती. आपल्याकडं सोळा वर्षांचा पोरगा रात्री ११ ला गॅरेजवर पाना फिरवत असतो, त्याला कोण विचारतंय.

फ्रान्सचा तो गोल तुम्ही लाइव्ह बघितला काय?

हो की! ९ जुलै २०२४ ची सेमीफायनल, म्युनिकमध्ये, आपल्याकडं रात्री साडेबारा. बेळगावातला जुलै माहीत आहे तुम्हाला, वरून नुसतं ओतत होतं. शेजाऱ्यांच्या माडीवर आम्ही आठ-नऊ जण, पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की कॉमेंट्री ऐकूच येत नव्हती. नवव्या मिनिटाला फ्रान्सचा गोल झाला आणि लाईट गेली. झालं. एकाच्या मोबाइलवर नेट होतं, सगळी डोकी त्या एवढ्याशा स्क्रीनवर, मागून काकांचं चालूच, "काय बघूलालात रे अंधारात, झोपा की."

२१ वं मिनिट. बॉल बॉक्सच्या बाहेर, समोर फ्रान्सचा राबियो, मॅचच्या आधी ह्याच राबियोने, पोराला फायनल गाठायची तर आत्तापर्यंत केलं त्यापेक्षा जास्त करून दाखवावं लागेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ठेवलेलं. लामिनने बॉल डाव्या पायावर घेतला, थोडा आत सरकला आणि वळवला. मोबाइलवर बफरिंग आलं. गोल गोल फिरतंय. आम्ही श्वास धरून. आणि समोरच्या बिल्डिंगमधनं, तिथं इन्व्हर्टर होता, तिथनं एकदम आरडाओरडा. म्हणजे गोल आम्ही आधी ऐकला आणि मग बघितला, लांबच्या पोस्टच्या आतल्या बाजूला लागून आत. वय १६ वर्षं ३६२ दिवस, युरो कपच्या इतिहासात सगळ्यात कमी वयात गोल करणारा. चार मिनिटांनी ओल्मोचा गोल, स्पेन २-१.

१३ जुलैला तो सतरा वर्षांचा झाला आणि १४ ला बर्लिनमध्ये फायनल, इंग्लंडला २-१ हरवलं, पहिला गोल निको विल्यम्सचा आणि पास ह्याचा. स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू पण हाच.

मोरोक्कोकडून का नाही खेळला? बापाचा देश ना?

खेळू शकला असता. आईच्या देशाकडूनही खेळू शकला असता. मोरोक्कोने प्रयत्न पण केले, आणि तेव्हा मोरोक्को म्हणजे काय साधी टीम नव्हती, २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनलला गेलेली. पण तो स्पेनच्या लहान वयाच्या टीममधनंच खेळत वर आला होता, जन्म तिथला, दोस्त तिथले, आणि त्याने स्पेन निवडलं. बुटांवर मात्र मोरोक्को आणि इक्वेटोरियल गिनी, दोन्हींचे झेंडे घालून खेळलाय.

सीमाभागातल्या माणसाला ह्यात नवल काय वाटणार? निको विल्यम्सचं बघा, आई-बाप घानाचे, सहारा वाळवंट पायी तुडवत आलेले, थोरला भाऊ इन्याकी घानाकडून खेळतो आणि धाकटा निको स्पेनकडून. एका घरात दोन देश. आमच्या ओळखीत एक घर आहे, थोरला कोल्हापुरात नोकरीला, त्याच्या पोरांची शाळा महाराष्ट्र बोर्डाची, धाकटा इथं, त्याची पोरं कन्नड घेऊन एसएसएलसी देतात, दिवाळीला सगळे एकाच अंगणात फटाके उडवतात आणि भांडण लागतं ते फक्त कुंदा कोणी संपवला ह्यावर. बाहेरचा माणूस आला की पहिलं विचारतो तुम्ही नक्की कुठले. लामिनला हे किती वेळा विचारलं असेल देव जाणे. म्हणून मला तो पिनकोड आवडतो.

पैसे किती मिळतात?

पगाराचं मी काही बोलणार नाही, आकडे रोज बदलून येतात. पण "शंभर कोटी युरो" हे जे ऐकता तो पगार नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने पहिला प्रोफेशनल करार केला, २०२६ पर्यंतचा, कारण अठराच्या आतल्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्तीचा करार करता येत नाही, तसा फिफाचा नियम आहे. त्यात एक कलम होतं, दुसऱ्या क्लबला करार मोडून ह्याला न्यायचं असेल तर १०० कोटी युरो मोजा. युरो नव्वद-शंभर रुपये धरला तर नऊ-दहा हजार कोटी. म्हणजे थोडक्यात, घेऊ नका. मे २०२५ मध्ये करार २०३१ पर्यंत वाढला.

१० नंबर कधी मिळाला? माझ्या जर्सीवर १९ आहे.

जुलै २०२५, अठरा पूर्ण झाल्यावर. आधी ४१, मग २७, मग १९. तुझी १९ चालते, युरो कपात पण १९ च होता. नवीन घ्यायला आईच्या मागं लागू नको.

मेस्सीपेक्षा भारी होणार काय?

ह्या प्रश्नावर आमच्या ग्रुपमधनं दोन जण लेफ्ट झालेत. मी एवढंच सांगतो, बार्सिलोनात "पुढचा मेस्सी" ह्याआधी पण येऊन गेलेत. बोयान क्रकिच, २००७ मध्ये सतरा वर्षांचा असताना आला, सगळे नाचले, आणि त्याला आतून असं दडपण आलं की २००८ चा युरो कप खेळायला तो गेलाच नाही, हे त्याने स्वतः पुढं येऊन सांगितलंय. तेव्हा सगळ्यांना वाटलेलं सुट्टी पाहिजे होती. मग आन्सू फाती, जन्म गिनी-बिसाऊचा, २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी आला, त्याच डिसेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) सगळ्यात लहान वयात गोल मारला, नोव्हेंबर २०२० मध्ये गुडघा गेला. ऑपरेशनवर ऑपरेशन. मेस्सीने क्लब सोडल्यावर १० नंबर त्यालाच दिलेला, आणि लामिनला मिळाला तो त्याच्याकडून निघालेला. त्या जर्सीचं वजन आहे ओ.

लामिनचं आत्तापर्यंत चांगलं चाललंय, २०२५ च्या बॅलन डी'ओरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसात, देम्बेलेच्या मागं दुसरा, आणि तरुण खेळाडूंची कोपा ट्रॉफी २०२४ आणि २०२५ दोन्ही वेळा. ती दोनदा जिंकणारा पहिलाच. पण अंगावर मार पण लय खातो, आणि इतक्या कमी वयात इतक्या मॅचा, मला भीती त्याची वाटते, डोक्यापेक्षा जांघेची. आमच्यातल्या तेरा वर्षांच्या एकाला रविवारी तीन मॅचा खेळवतात, तीन वेगळ्या टीमकडून, बाबा स्वतः बाईकवरनं फिरवतात. मी हात जोडले.

तो पायाच्या बाहेरच्या बाजूने पास देतो ते आमच्या पोराला शिकवा ना.

आधी आतल्या बाजूने सरळ दे म्हणावं. मागच्या आठवड्यात सगळ्यांनी एकदम बाहेरच्या बाजूने ट्राय केलं, तीन बॉल रस्त्यावर, एक रिक्षात.

बेळगावातनं पोराला पुढं जायचं असेल तर कुठं?

रस्ते आहेत, पण तिन्ही बाजूंना लांब. कागदोपत्री आपण कर्नाटक, म्हणजे जिल्हा, मग राज्य असोसिएशन बेंगळूरमध्ये, रात्रभर बस. कर्नाटकने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची स्पर्धा, मार्च २०२३ मध्ये जिंकली, त्यामुळे टीममध्ये जागा मिळणं सोपं नाही. कोल्हापूर त्यातल्या त्यात जवळ, तिथं पेठापेठांच्या तालमींच्या टीमा आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी, बघायला पोरांना एकदा न्याच. तिथला अनिकेत जाधव, बाप रिक्षा चालवायचा, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप भारताकडून खेळला. आणि तिसरा गोवा, चोर्ला घाट उतरला की फुटबॉलच फुटबॉल. मी स्वतः बारावीत असताना एका ट्रायलला निघालेलो, घाटात झाड पडून गाड्या अडकल्या, पोचलो तेव्हा कोच बॉल पोत्यात भरत होते. पुढच्या वर्षी परत गेलो नाही, सोबत यायला कोणी नव्हतं.

म्हणून कागद आधी नीट करा. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख एकच पाहिजे, नावाचं स्पेलिंग कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्हीकडं जुळलं पाहिजे, आपल्याकडं सगळ्यात जास्त पोरं तिथंच अडकतात, पायाने नव्हे. आणि ट्रायलला पोराबरोबर घरातलं कोणीतरी जा. आज्जी चालेल.

पावसात प्रॅक्टिस आहे काय?

आहे. सकाळी सहाला. वीज चमकायला लागली तरच बंद. टॉवेल आणि सुकी चड्डी पाठवा, आणि घ्यायला साडेसातला या, आठला नको, मागच्या शनिवारी एक बारका गेटवर एकटाच थांबलेला, मी ऑफिसला उशिरा पोचलो.